टोलेडो, खिशातल्या टेपसकट

माद्रिदला लेकीकडे जायचं म्हणून बायकोने बॅगेत भाजणी, कोकमं आणि अर्धा किलो सुकट भरली. निघायच्या आदल्या रात्री सुकट मी गुपचूप काढून ठेवली. विमानतळावर बॅग उघडायची वेळ आली असती तर सगळी रांग पांगली असती. माद्रिदला बॅग उघडल्यावर तिला ते कळलं आणि अबोला सुरू झाला. माझ्याशी बोलायचं असलं की ती लेकीला सांगे, "तुझ्या बाबांना विचार, चहा घेणार का."

माझ्या खिशात मात्र पाच मीटरची टेप होती. पनवेलला साइटवर सत्तावीस वर्षं काढलेल्या माणसाच्या खिशात दुसरं काय असणार? वडील अलिबागचे गवंडी. लग्नाला गेले तरी आधी एक डोळा मिटून हॉलचा कोपरा काटकोनात आहे का बघायचे, मग वधूवरांकडे. ती खोड माझ्यात जशीच्या तशी उतरली आहे.

लेक म्हणाली, "बाबा, शनिवारी टोलेडोला जाऊ. तिथे सगळं वीटकाम आहे, तुमचा वेळ बरा जाईल." म्हणजे संग्रहालयात मी कंटाळतो हे तिच्या लक्षात आलं होतं.

माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून गाडी अर्ध्या तासात पोचवते. टोलेडोचं स्टेशन बघायला तिने थांबू दिलं नाही, "येताना बघा" म्हणाली. बाहेर पडलं की समोर ताहो नदी. नदीने तिन्ही बाजूंनी वेढलेला खडक आणि त्या खडकावर एकमेकांच्या खांद्यावर चढलेलं गाव. आत शिरायला अल्कांतारा नावाचा पूल. अरबीत अल-कंतरा म्हणजे पूलच. तेव्हा स्पॅनिश माणसं त्याला 'पुलाचा पूल' म्हणतात आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

गावाचा सातबारा थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आधी रोमन, मग विसिगोथ या जर्मन टोळीच्या राजांची राजधानी, आठव्या शतकाच्या सुरुवातीपासून मुसलमानी अंमल, १०८५ मध्ये कॅस्टिलचा राजा सहावा अल्फोन्सो याने गाव घेतलं. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती तिघेही पुढे बराच काळ इथेच राहिले. मालक बदलला; गवंडी, सुतार, गिलावेवाले तेच राहिले. ख्रिस्ती राज्यातले हे मुसलमान कारागीर आणि त्यांच्या धाटणीचं काम म्हणजे मुदेखार. मला दिवसभर दिसत होतं ते हेच.

पुलावरून तटाच्या कडेकडेने वर गेलो. पहिल्याच जुन्या भिंतीशी मी थांबलो. डबराचा, म्हणजे ओबडधोबड दगडांचा, हातभर पट्टा, त्यावर विटांचे थर, पुन्हा डबर, पुन्हा विटा, कोपऱ्यालाही विटाच. म्हणजे डबर चौकटीत बसवलेलं. या पद्धतीला तिकडे टोलेडोचंच नाव आहे. आपण सौंदर्य म्हणून बघतो, पण कारण साधं आहे. नुसत्या डबराची भिंत वर चढवत नेली की लेव्हल हातातून सुटते. मध्ये विटांचा थर टाकला की पुन्हा सपाट बूड मिळतं आणि भार सारखा वाटला जातो. वडील हेच करायचे, फक्त विटा महाग म्हणून कंजुषीने. लेक पुढे गेली होती, मी तिथेच. बायकोने लेकीला हाक मारली, "तुझ्या बाबांना भिंत सापडली गं."

सगळ्यात आधी क्रिस्तो दे ला लूसला जा. बहुतेक लोक आधी कॅथीड्रल, म्हणजे गावचं मुख्य चर्च, गाठतात आणि मग ही चिमुकली वास्तू बघायला पायात जीव उरत नाही. ही मूळची मशीद, इ. स. ९९९ ची. आठ मीटर लांब, आठ मीटर रुंद. पनवेलला एवढ्या जागेत मी टू बीएचके बसवून दाखवला असता. मधोमध चार खांब, त्यांवर घोड्याच्या नालासारख्या कमानी, म्हणून छताचे नऊ चौकोन. आणि नऊही चौकोनांत बरगड्या वेगवेगळ्या पद्धतीने एकमेकींना छेदतात. एकही घुमटी दुसरीसारखी नाही. एवढ्याशा जागेत नऊ वेगळी सेंटरिंग, म्हणजे आधाराचे साचे, लावायची म्हणजे कारागिराने तिथे आपला कॅटलॉगच मांडला होता म्हणायचं. खाली उभं राहून मान दुखेपर्यंत बघितलं. खांबांची डोकी एकसारखी नाहीत; ती विसिगोथ काळातली, जुन्या इमारतींमधून काढलेली. पाडकामाचा माल तेव्हाही फुकट जात नव्हता.

खरी गोष्ट बाहेर आहे. रस्त्याकडच्या भिंतीवर, अगदी वरच्या पट्ट्यात, विटाच बसवून अरबी अक्षरं केली आहेत. रंगवलेली नाहीत, कोरलेलीही नाहीत, वीटकामातच वळवलेली. लेकीने फोनवर अर्थ वाचून दाखवला. अहमद इब्न हदीदीने स्वतःच्या पैशाने ही मशीद बांधवली आणि मूसा इब्न अली या बांधकाम करणाऱ्याच्या हातून हिजरी ३९० च्या मुहर्रममध्ये ती पुरी झाली. पैसे देणाऱ्याचं नाव तर असतंच. कोनशिलेवर कुणाची नावं असतात हे मी सांगायला नको. इथे बांधणाऱ्याचंही आहे, आणि हजार वर्षं टिकलं आहे.

मी लेकीला ते परत वाचायला लावलं. मूसा इब्न अली.

मशिदीला बाराव्या शतकात मागून अर्धगोल गाभारा जोडून चर्च केलं. आता मला खोडच आहे, मी सांधा शोधला. जुन्या भिंतीला नवीन भिंत चिकटवली की कुठेतरी भेग, कुठेतरी थरांची चुकामूक दिसतेच. इथे आत गेल्यावर उंची बदलते, रंगवलेला येशू दिसतो, तेव्हा कळतं. बाहेरून मात्र तीच वीट, तशाच कमानींच्या ओळी. जोडणारे हात त्याच शाळेतले होते. समोरच्या रस्त्यावर एक पांढरा दगड बसवलेला आहे. अल्फोन्सो गावात शिरला तेव्हा इथे त्याचा घोडा गुडघ्यावर बसला, भिंत फोडली तर आत क्रूसापुढे दिवा तेवत होता, अशी कथा. 'प्रकाशाचा ख्रिस्त' हे नाव त्यावरून. कथा अडचणीची आहे, कारण मग तो दिवा भिंतीत चिणला कुणी आणि तेल घातलं कुणी. लेक म्हणाली, "बाबा, आपल्याकडे असं कधी विचारता का?" नाही विचारत.

कॅथीड्रलकडे जाणाऱ्या गल्ल्या अशा की समोरून गाडी आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. इथल्या ख्रिस्ती नन्स मठातून बदामाचं मार्सिपान विकतात. बायकोने एक डबा घेतला, लेकीला एक वडी दिली, स्वतः एक खाल्ली आणि डबा बंद केला.

कॅथीड्रल १२२६ ला सुरू झालं आणि १४९३ ला संपलं. दोनशे सदुसष्ट वर्षं! माझ्याकडे रेराची मुदत सहा महिने पुढे गेली तर फ्लॅटधारक मोर्चा आणतात. गावच्या मोठ्या मशिदीच्या जागेवर ते उभं आहे आणि लांबी एकशे वीस मीटरच्या आसपास. शहर इतकं दाटलं आहे की लांबून सगळं दिसतच नाही, तुकड्यातुकड्यांनी बघावं लागतं. दर्शनी बाजूला दोन मनोरे व्हायचे होते, एकच झाला. दुसऱ्याच्या जागी घुमट आहे. तो घुमट कुणाचा ते लक्षात ठेवा, पुढे त्या माणसाची लहानपणची भेट होणार आहे.

आत सोनं, चांदी, लाकडी कोरीवकाम इतकं आहे की डोळे थकतात. बायको एन्रिके दे आर्फेने केलेल्या, पवित्र भाकरी ठेवायच्या उत्सवपात्रापुढे अडकली. माणसापेक्षा उंच, सोन्याचांदीचं, कोर्पुस क्रिस्ती या सणाच्या मिरवणुकीत गावभर फिरतं. मी मात्र थेट मागच्या प्रदक्षिणामार्गात गेलो. तिथे ट्रान्सपारेन्ते आहे. मुख्य वेदीच्या मागे अंधार पडायचा, म्हणून नार्सिसो तोमे नावाच्या वास्तुकाराने थेट वरच्या दगडी छताला भोक पाडलं. अठराव्या शतकात, तेराव्या शतकातल्या छताला! मुलांच्या मदतीने केलेलं ते काम १७३२ ला संपलं. भोकाच्या कडेने देवदूत, ढग आणि संत गर्दी करून बसवले आहेत आणि त्यातून उन्हाचा झोत खाली संगमरवर आणि ब्राँझवर पडतो. लोक सुंदर सुंदर म्हणत फोटो काढत होते. मला घाम फुटला. गॉथिक छतात बरगड्यांवर सगळा खेळ. कुठला दगड काढला की भार कुठे वळतो हे कॅल्क्युलेटरशिवाय ओळखून त्याने हे केलं. आमच्याकडे सोसायटीत कुणी किचनची भिंत पाडतो म्हटलं तर मी आधी स्ट्रक्चरल ऑडिटचा कागद मागतो. मी अर्धा तास फक्त भोकाच्या कडा बघितल्या. देवदूतांच्या आड त्याने नेमकं काय लपवलंय ते शेवटपर्यंत समजलं नाही, आणि त्यासाठीच देवदूत असावेत असा माझा वहीम आहे. हे सगळं आपण एकट्याने आखलं, कोरलं, रंगवलं असं त्याने तिथे लिहूनही ठेवलं आहे. हात मात्र मुलांचेही होते, बापाने लिहिताना विसरले.

याच कॅथीड्रलमध्ये पेट्रूस पेत्री या जुन्या मुख्य मिस्त्रीचा समाधीलेख आहे. १२९१ ला वारला, हे मंदिर याने बांधलं असं लॅटिनमध्ये लिहिलंय. मूसानंतर दुसरं नाव.

तिथून सान्तो तोमे. मुदेखार मनोऱ्याचं साधं चर्च, पण बाहेर रांग, कारण आत एल ग्रेको या चित्रकाराचं 'ओर्गाथच्या सरदाराचं दफन' आहे. १५८६ ते १५८८ मधलं, जवळजवळ पाच मीटर उंच. १३२३ मध्ये वारलेल्या सरदाराला पुरायला खुद्द संत स्टीफन आणि संत ऑगस्टीन आले, असा प्रसंग. चित्रातलं मला फार कळत नाही. बायकोने मात्र स्टीफनच्या जरीच्या झग्याकडे बोट दाखवलं. त्या झग्यावर एक छोटं चित्र विणलेलं रंगवलंय आणि त्यात स्टीफनलाच दगड मारून ठार करताहेत. चित्रात चित्र. खाली मशाल धरलेलं पोर आपल्याकडे बघतं. तो एल ग्रेकोचा मुलगा होर्हे मान्वेल, आणि मघाचा तो घुमट मोठेपणी त्याने केला.

मला भावली ती चित्रामागची भानगड. सरदाराने मृत्युपत्रात लिहिलं होतं की ओर्गाथ गावाने दर वर्षी या चर्चला २ मेंढे, १६ कोंबड्या, दारूचे २ बुधले, सरपण आणि रोख रक्कम द्यावी. पुढे दोनेकशे वर्षांनी गावाने देणं थांबवलं. पाद्री कोर्टात गेला, जिंकला आणि त्या वसुलीची आठवण राहावी म्हणून हे चित्र काढून घेतलं. चित्र झाल्यावर त्याची किंमत ठरली १२०० डुकाट, म्हणजे सोन्याची नाणी. चर्चला ती जास्त वाटली, दुसऱ्यांदा मूल्यांकन करवलं तर ते आलं १६००! शेवटी १२०० वर तोडपाणी. चित्रकाराला अर्ज-विनंत्या कराव्या लागल्या. बिल पास करून घेताना पायऱ्या झिजवणाऱ्या प्रत्येक कंत्राटदाराने या चित्रापुढे हात जोडावेत.

दोन वाजले तशी लेकीने आम्हाला ट्रान्सितोच्या सिनागॉगकडे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाकडे, पळवलं. शनिवारी दुपारी दोननंतर तिथे फुकट. (कॅथीड्रलचं तिकीट वेगळं, बाकीच्या बऱ्याच ठिकाणांना मिळून हातावर बांधायचा एक पट्टा मिळतो, तो घ्या.) बाहेरून विटांची साधी भिंत. आत शिरलो आणि बायको इतक्या दिवसांत पहिल्यांदा थेट माझ्याकडे वळली. बोलली नाही, पण वळली.

एकच लांब दालन, वर नक्षीचं लाकडी छत, आणि भिंतींच्या वरच्या भागात गिलाव्याचं इतकं बारीक काम की कुणी विणून लावलंय वाटावं. पानं, वेली, कॅस्टिलचा किल्ला, लेओनचा सिंह, आणि सगळ्याच्या कडेने हिब्रू अक्षरांचे पट्टे. मध्येच अरबीही. सिनागॉगमध्ये राजाची ख्रिस्ती चिन्हं आणि अरबी अक्षरं, सगळं एकाच ओल्या गिलाव्यात. हे बांधून घेतलं सामुएल हा-लेवी याने, १३५७ च्या सुमारास. कॅस्टिलच्या पेद्रो राजाचा खजिनदार. भिंतीवर राजाची स्तुती आहे. त्यानंतर चारेक वर्षांत त्याच राजाने त्याला पकडलं आणि सेव्हिलला छळात तो मेला. १४९२ ला ज्यूंना देशातून हाकलल्यावर सिनागॉग कालात्राव्हाच्या ख्रिस्ती लढवय्या संघाला दिलं गेलं, मग चर्च, मग काही काळ सैनिकांचा अड्डा. आता सेफार्दी, म्हणजे मूळच्या स्पेनकडच्या, ज्यूंचं संग्रहालय आहे.

ती हिब्रू अक्षरं बघून मला घर आठवलं. आमच्या अलिबागला इस्रायल आळी आहे, तिथे बेने इस्रायलींचं, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यूंचं, मागेन आबोथ सिनागॉग. वडिलांनी तिथे डागडुजीला हात लावलेला, मी पाटीतून चुना वाहायला. आमच्याकडे सिनागॉग हा शब्द नव्हताच, जुनी माणसं मशीदच म्हणत. खुद्द बेने इस्रायलीही. मुंबईच्या मस्जिद स्टेशनचं नाव ज्या मशिदीवरून पडलं ती ज्यूंची, हे सांगितलं की लोकांना अजून खरं वाटत नाही. नवगावच्या दफनभूमीत दगडांवर हिब्रूखाली मराठी आहे. लहानपणी मला वाटायचं हिब्रू ही अलिबागकडचीच कुठलीतरी जुनी मोडी.

म्हणून पुढची वास्तू मला अजिबात चमत्कारिक वाटली नाही. तिचं नाव सान्ता मारिया ला ब्लांका, म्हणजे शुभ्र मेरी. आत मूर्तीशिवायचं, पांढरंशुभ्र, नालाकृती कमानींचं वन; कुणीही मशीद म्हणेल. आणि ते बांधलं सिनागॉग म्हणून, बाराव्या-तेराव्या शतकात, ख्रिस्ती राजाच्या गावात, मुसलमान कारागिरांच्या हातून. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला चर्च केलं म्हणून मेरी आली. आजही ताबा चर्चकडे आहे.

चोवीस अष्टकोनी खांब, पाच दालनं. खांब विटांचे, वर गिलावा. खांबांच्या डोक्यांवर पाइनची फळं, तीही गिलाव्यातच, दगडात नव्हे. आणि दोन डोकी शेजारी धरून बघा, सारखी नाहीत. मी टेप काढली. पहारेकरी बाईंनी भुवई उंचावली. मी टेप आत टाकली आणि आमच्या वडिलांसारखा एक डोळा मिटून खांबांच्या रांगेत बघितलं. सूत सरळ. इथे मात्र करणाऱ्याचं नाव कुठेच नाही. मी चारही भिंती फिरून शोधलं. उगाच.

सान हुआन दे लोस रेयेस शेवटचं. राणी इसाबेल आणि तिचा नवरा फर्नांडो यांनी १४७६ ची तोरोची लढाई जिंकल्यावर उभारलेला मठ. स्वतःची समाधी इथेच व्हावी असा बेत होता, मग मुसलमानी राज्याचं ग्रॅनडा जिंकलं आणि दोघं तिथेच पुरली गेली. बाहेरच्या भिंतीवर लोखंडी साखळदंड लटकतात. ग्रॅनडातून सोडवलेल्या ख्रिस्ती कैद्यांचे. मला ते बघवले नाहीत. म्हणजे कैदी सुटले हे बरंच झालं, पण मघाशी ज्यूंच्या रिकाम्या दालनातून आल्यावर ती जिंकल्याची जाहिरात अंगावर येते. आतलं अंगण मात्र निवांत आहे आणि वरच्या मजल्याचं लाकडी छत बघायला जरूर चढा. मुख्य मिस्त्री हुआन ग्वास. गावात सान हुस्तो चर्चमध्ये त्याने स्वतःसाठी एक छोटं देवघर बांधून घेतलं, त्यात बायकामुलांसह आपलं चित्र काढवलं आणि सान हुआन आपण केलं असं लिहवलं. हे लेकीने वाचून सांगितल्यावर मी तिकडे निघालो. चढ चढून पोचलो तर दार बंद.

संध्याकाळी पाय ओढत स्टेशनवर आलो. सकाळी घाईत राहिलेलं ते स्टेशन १९१९ चं. नार्सिसो क्लावेरिया नावाच्या माणसाने ते मुद्दाम जुन्या मुदेखार धाटणीत केलं: वीटकाम, पाकळ्यांच्या कमानी, घड्याळाचा मनोरा, आत तिकीटखिडकीला लाकडी जाळी. अतोचाची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. मी भिंतीशी गेलो. सकाळी तिकडे मशिदीत बघितलेलं गणित डोक्यात होतं: तिथे चुन्याचा सांधा विटेइतकाच जाड वाटत होता. इथे हजारेक वर्षांनी काय करतात ते बघायचं होतं. टेप काढली, पण चार थरांचं माप घेताना एका हाताने टोक निसटत होतं.

बायकोने येऊन टोक धरलं. लग्न झाल्यावर आमच्या पहिल्या घराची मापं तिनेच धरली होती, अंगठ्याने दाबून, तशीच धरली.

"किती आलं?"

मी सांगितलं.

"बरं," ती म्हणाली. "आणि सुकट कुठे ठेवलीत? फेकली तर नाही ना हो?"